चालत गेलेला वीरगळ

१

"चौडप्पा, जिवंत आहेस की गेलास?"

"तुझा फोन घेतला म्हणजे असेन जिवंत, लच्चक्का."

"मग ऊठ आणि ये. माचण्णा पळवला कुणीतरी."

माचण्णा हा माणूस नव्हे, वीरगळ. छातीएवढा उंच दगड. खालच्या पट्टीत गाईंसाठी लढाई, मधल्या पट्टीत वीराला उचलून नेणाऱ्या अप्सरा, वरती पिंडीपुढे हात जोडून बसलेला तोच वीर, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. पट्ट्यांच्या मधे जुन्या कन्नडमधल्या ओळी.

मी त्या ओळी वाचणाऱ्यांतला नाही. बत्तीस वर्षं शिलालेखांच्या कचेरीत नोकरी केली ती ठसे घेण्याची. ओला कागद दगडावर थापायचा, ब्रशनं ठोकून ठोकून अक्षरांच्या खोबणीत बसवायचा आणि वरून शाईची पुरचुंडी फिरवायची. वाचणं साहेबांचं, वाकणं आमचं. पण दगडांची नाडी साहेबांपेक्षा मला जास्त कळते, असं लच्चक्काचं मत आहे, आणि माझंही.

माचण्णाची गोष्ट आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. सांतर राजांच्या काळात शेजारच्या मांडलिकानं नेरलगोडूच्या गाई वळवून नेल्या. माचण्णानं त्या सोडवल्या आणि स्वतः पडला. राजानं त्याच्या घराला तळ्याखालची भातजमीन दिली. रक्ताचं वतन म्हणायचे तिला. सांतर गेले, होयसळ आले. विजयनगर झालं, केळदीचे नायक झाले, म्हैसूरचे महाराज झाले. त्या घराचा घास कुणी काढला नाही, कारण दगडावर लिहिलं होतं, चंद्रसूर्य असेतो. चंद्रसूर्य अजून आहेत. साठ वर्षांपूर्वी धरण झालं आणि जमीन, तळं, गाव, सगळं पाण्याखाली गेलं. त्रेचाळीस घरं टेकडीवर आली. त्या वस्तीला वरचं नेरलगोडू म्हणतात.

लच्चक्का त्या माचण्णाच्या घरची सून, माझ्या जुन्या ओळखीतली. दगडाच्या डाव्या अंगाला, दोन हातांवर, तिची पहिली पोर पुरलेली आहे, नऊ दिवसांची. खालच्या गावात गेलेली तान्ही मुलं अशीच माचण्णाच्या ओटीत देत. नंतर तिला चार मुलगे झाले, चौघेही शहरांत सुखात आहेत. पण उन्हाळा आला की ती पाण्याकडे बघत बसते. पाणी एवढं उतरलं ते साठ वर्षांत दोनदाच, अकरा वर्षांपूर्वी आणि आता.

"आज सगळे दिवे, नारळ घेऊन खाली गेलो," ती फोनवर सांगत होती. "तर तिथं सपाट चिखल. सारवलेल्या अंगणासारखा. मला दगड नको रे, दगडाला पुजणारे पुष्कळ आहेत. मला जागा पाहिजे. दगडाशिवाय त्या चिखलात जागा कशी सापडायची? मी ऐंशीला टेकले, चौडप्पा. पुढच्या वेळी पाणी उतरेल तेव्हा मीच कुणाच्या तरी ओटीत असणार."

मी पिशवीत लोखंडी सळई टाकली आणि बस पकडली.

२

अकरा वर्षांपूर्वीचा दिवस मला लख्ख आठवत होता. तेव्हाही पाणी असंच उतरलं होतं आणि साहेबांनी मला ठसा घ्यायला पाठवलं होतं. सारं वरचं नेरलगोडू खाली लोटलेलं. घरांची जोती तेवढी शिल्लक, गाळानं माखलेली, सगळी एकसारखी. मग लोकांनी दगडावरून मोजायला सुरुवात केली. माचण्णापासून चाळीस पावलं पुट्टम्माचं घर, तिथून डावीकडे गुड्डप्पाचं, पलीकडे विहीर. ज्यानं त्यानं आपापल्या उंबऱ्यावर दिवा लावला. एकटा गुड्डप्पा कुरकुरत होता.

"माझ्या घराची एक खोली कमी कशी? आणि दार उत्तरेला कुठनं आलं?"

"म्हातारा झालास," सगळे हसले. "खोली पाण्यानं नेली असेल."

मी मात्र कामाला जुंपलो होतो. दुपारचे चार वाजलेले, ऊन थेट दगडाच्या तोंडावर, कागद थापेस्तोवर वाळत होता. मी उन्हाच्या नावानं बोटं मोडत होतो.

आता त्याच चिखलात फळ्या टाकून आम्ही उभे होतो. लच्चक्काला खुर्चीत बसवून आणलं होतं. काठाला तिला अत्तिगे, म्हणजे वहिनी, म्हणणारा तिचा धाकटा दीर मंजप्पा आपल्या होडीत बसून होता. शहात्तर वर्षांचा, पण दंड अजून वल्ह्यासारखे. तो होडीतून उतरला नाही.

"दगड शेवटचा कुणी बघितला?" मी विचारलं.

"दयानंदच्या रिसॉर्टातल्या पाहुण्यांनी," लच्चक्का म्हणाली. "गेल्याच्या गेल्या गुरुवारी फोटो काढलाय. माचण्णा पाण्यात गुडघाभर उभा."

"चोर दुसरा कोण असणार?" मंजप्पा होडीतूनच ओरडला. "त्या दयानंदच्या बागेत जाऊन बघा. तीन वीरगळ आणून फुलझाडांत पुरलेत हरामखोरानं."

मी चिखल न्याहाळला. चाकाची खूण नाही, फरफटल्याची नाही, पावलाचीसुद्धा नाही. म्हणजे दगड गेला तेव्हा इथं पाणी होतं. पाणी असताना गेला म्हणजे होडीतून गेला. एवढं तर शाळेतल्या पोरालाही कळेल.

मग मी सळई काढली. उपटलेल्या दगडाची जागा वरून सपाट झाली तरी आतून वर्षभर भुसभुशीत राहते. अर्धा तास चिखलात टोचत फिरलो, आणि एका ठिकाणी सळई लोण्यात गेल्यासारखी आत गेली.

"सापडली, अक्का! हीच जागा!"

बाया धावल्या. मी कोपरापर्यंत हात घातला तर तळाशी एक गोटा लागला. त्याच्याखाली दाबलेलं विड्याचं पान होतं आणि सुपारीच्या फुलोऱ्याचा तुरा, कुजून काळा पडलेला. मी तो गुपचूप खिशात टाकला.

लच्चक्काला दोघींनी धरून आणलं. ती डाव्या अंगाला दोन हातांवर बसली. तळवा चिखलावर टेकला. डोळे मिटले.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले, आणि ते कोरडे होते.

"काही वाटत नाही रे," ती हळूच म्हणाली. "अकरा वर्षांपूर्वीही इथं बसले, तेव्हाही नाही वाटलं. मला वाटलं, वयानं माझाच दगड झाला. वर, घरी, भात वैरताना तिची आठवण आली तरी रडू येतं मला. इथं का येत नाही?"

मी होडीकडे पाहिलं, तर मंजप्पा होडी घेऊन निघून गेला होता.

३

दयानंदनं मला बागेतल्या खुर्चीवर बसवलं आणि कॉफी मागवली. तीन वीरगळ खरोखरच झाडांत उभे होते. एकाच्या डोक्यावर दिवा बसवला होता.

"हे तिन्ही रस्ता रुंद करताना फेकून दिलेले. मी उचलून आणले," तो म्हणाला. "लोक मला चोर म्हणतात. त्यांनी ते फोडून गटारात घातले असते तर संस्कृती वाचली असती, नाही का?"

"माचण्णाही वाचवलात की काय?"

"चौडप्पण्णा, मला दगड हवा असेल तर मी पाणी पूर्ण उतरायची वाट बघेन, आठ माणसं लावीन आणि रस्त्यावर लॉरी उभी करीन. पाण्यात उतरून कमरेचा काटा कोण मोडून घेईल? उलट माझंच नुकसान झालंय. त्या शुक्रवारी घाटावरून माझी होडी कुणीतरी नेली. शनिवारी परत बांधलेली, पण दोन्ही काठ घासून ठेवलेत."

होडी मी पाहिली. दोन्ही काठांवर समोरासमोर घासल्याच्या दोन खोल खुणा. म्हणजे होडीवर आडव्या बल्ल्या टाकल्या होत्या आणि बल्ल्यांवर भार होता. दोन होड्या, मधे आडव्या बल्ल्या, बल्ल्यांना टांगलेला दगड. पाण्यात दगड बराच हलका होतो. आमच्या तळ्यांच्या पायऱ्यांचे दगड जुने लोक असेच नेत. हे हॉटेलवाल्याचं डोकं नव्हे.

आणि फुलोरा तर साऱ्या संशयितांना मोकळं करत होता. वीराला जागेवरून हलवायचं तर आधी पान आणि सुपारीचा फुलोरा ठेवून त्याची परवानगी मागायची, आणि ती त्याच्या घरच्यानंच मागायची. परक्यानं मागितलेली वीराला पोचत नाही. चोर कशाला परवानगी मागेल? माचण्णाच्या घरचे आता गावात दोघेच उरले होते. एक लच्चक्का, आणि दुसरा तिचा दीर.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. पण मला मंजप्पाचा राग येईना. भाजी नसेल तर मीठ लावून पेज पिणारा माणूस तो, दगड विकून त्याला काय करायचं होतं? 'कुणी' ते कळलं होतं. 'कशाला' ते कळत नव्हतं, आणि त्याशिवाय लच्चक्काच्या कोरड्या डोळ्यांचा हिशेब लागत नव्हता.

घरी जाऊन मी ट्रंकेच्या तळाशी घातलेला कागद काढला. ठसे घेणारा नेहमी दोन ठसे घेतो, एक साहेबाला आणि एक स्वतःला. तो घेऊन मी तालुक्याच्या कॉलेजात चंद्रहास मास्तरांकडे गेलो. सांतरांच्या मांडलिकांवर त्यांचा हयातभर अभ्यास. माचण्णा कॉलेजच्या संग्रहालयात यावा म्हणून त्यांनी तीनदा अर्ज केला होता, म्हणून गावानं त्यांच्यावरही बोट ठेवलं होतं.

"चोर शोधायला आलात की पाहुणे म्हणून?" त्यांनी चष्म्यावरून विचारलं.

"चोर तुम्ही की मी, ते ठरायचंय, मास्तर. आधी हे वाचा."

त्यांनी ठसा टेबलावर पसरला आणि चहा गार होऊ दिला. बोट ओळीओळीवरून सरकत होतं. एकदम थांबलं.

"ही खालची ओळ छापील पुस्तकात नाही!"

"ती गाळात होती. मी हातानं उकरून ठसा घेतला. साहेब म्हणाले, अर्धवट आहे, सोडा."

"अर्धवट कसली! सगळी आहे." त्यांनी ठसा खिडकीकडे ओढला. "ऐका. 'हा वीर तळ्याच्या मोरीपाशी, उगवतीकडे तोंड करून उभा केला. याला जो हलवील त्याला काशीत हजार गाई मारल्याचं पाप.'"

"पुन्हा वाचा, मास्तर."

त्यांनी पुन्हा वाचलं. मोरी म्हणजे तळ्याचं पाणी शेतात सोडायचं दार, दोन दगडी खांबांचं, ते कळलं. पण उगवतीकडे तोंड? मग अकरा वर्षांपूर्वी दुपारी चार वाजता ऊन त्याच्या तोंडावर कसं पडलं होतं?

४

परतीच्या बसमध्ये सगळं एकेक करून जागेवर बसत गेलं, आणि बसलं तसं मला हसूही आलं आणि रडूही.

अकरा वर्षांपूर्वी दगड मावळतीकडे तोंड करून होता. म्हणजे तो तेव्हाच त्याच्या जागेवर नव्हता. त्याला त्याआधीच कुणीतरी हलवलं होतं. आणि दगड कुठं चालतो का, अशा भरवशावर त्या त्रेचाळीस घरांनी सारं गाव त्या दगडावरून मोजलं. पाया चुकला तशी भिंतही चुकली. गुड्डप्पाची खोली पाण्यानं नेली नव्हती. तो दुसऱ्याच्याच जोत्यावर उभा होता. प्रत्येकानं परक्याच्या उंबऱ्यावर दिवा लावला होता, आणि कुणाच्या तरी गोठ्यात बसून नारळ फोडला होता. लच्चक्काला तिथं रडू आलं नाही, कारण तिथं तिचं कुणीच नव्हतं.

मंजप्पा जाळं विणत बसला होता. मी समोर बसलो आणि खिशातला काळा तुरा त्याच्या पुढ्यात ठेवला.

"मंजण्णा, मोरीचे खांब कुठं आहेत?"

त्याची सुई थांबली.

"तू माचण्णाला पळवलं नाहीस," मी म्हणालो. "परत नेऊन ठेवलंस. खरं ना?"

त्यानं जाळं बाजूला सारलं आणि पोरासारखा गुडघ्यांत डोकं घालून बसला.

"पाणी चढत होतं," तो म्हणाला. "मी सोळा वर्षांचा. सगळे सामान वर नेत होते. अत्तिगे दारात बसून एकच धोशा लावून होती, मला घर नको, भांडी नकोत, माचण्णाला वर आणा, त्याच्या बाजूची मूठभर माती आणा. दादा म्हणाला, वेडी झालीय. मला नाही बघवलं, चौडप्पा. आईच्या मागं तिनंच मला भरवलं होतं. मी बांबूंचा तराफा केला, दगड उपटला, वर चढवला. दोनशे पावलं गेलो आणि तराफा फुटला. दगड बुडाला. तेवढ्यात पाणी गळ्याशी आलं. माती आणायला परत जाता आलं नाही."

"आणि घरी काय सांगितलंस?"

"सांगितलं, जमलं नाही, माचण्णा त्याच्या जागी उभा आहे. तेवढ्यानंच ती गप्प झाली. मला वाटलं, पाणी काय पुन्हा उतरतंय! अकरा वर्षांपूर्वी उतरलं. तो दगड गाळात अर्धा रुतून सरळ उभा! लोक त्याच्यावरून घरं मोजायला लागले. अत्तिगे तिथं जाऊन बसली. मी बोलणार होतो रे. पण जो तो आपल्या उंबऱ्याला कवटाळून रडत होता. त्यांना काय सांगू, तुम्ही दुसऱ्याच्या गोठ्यात रडताय म्हणून?"

"म्हणून या वेळी..."

"म्हणून या वेळी दोन होड्या लावल्या. बांबूनं चाचपून मोरीचे खांब शोधले आणि त्यांच्यापाशी सोडला, तोंड उगवतीला. वाटलं, पाणी अजून चार हात उतरेल, तो आपोआप दिसेल, मी म्हणेन पाण्यानंच हलवला. पण वर घाटात पाऊस लागलाय. पाणी थांबलंय, चौडप्पा. त्याचा माथा वीतभर खाली आहे. उद्या चढायला लागेल."

"मग आजच सांग तिला."

"मारील मला."

"मारू दे. साठ वर्षांचं व्याज समज."

५

लच्चक्का अंगणात सुपारी निवडत होती. मंजप्पा तिच्यापुढे उभा राहिला आणि मान खाली घालून त्यानं सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. ती ऐकत गेली. शेवटी तिनं सुपारीचं सूप उचललं आणि त्याच्या अंगावर भिरकावलं.

"मेल्या! मी पुट्टम्माच्या म्हशीपाशी जाऊन रडायचा प्रयत्न करत होते होय?"

"पुट्टम्माच्या नव्हे, अत्तिगे. बहुतेक भटांच्या."

"तोंड वर करून सांगतोस! साठ वर्षं माझ्या हातची पेज प्यालास, घशाखाली उतरली कशी?"

"नाही उतरली," मंजप्पा म्हणाला.

ती थबकली. त्याच्याकडे पाहत राहिली. मग गुडघ्यावर हात देऊन उठली आणि पदर खोचला.

"होडी काढ."

आम्ही तिघंच निघालो. ऊन कलतं झालं होतं, वारा नव्हता. मंजप्पा वल्ही मारत होता आणि एकदाही मागं न बघता सरळ चालला होता, जसा माणूस स्वतःच्या घरी जातो. एका जागी त्यानं वल्हं उभं रोवलं.

"हात घाल, अत्तिगे."

लच्चक्का काठावर ओणवली. हात कोपराच्या वर बुडाला. तिची बोटं पाण्याखाली काहीतरी चाचपत होती. मला वाटतं, चंद्र सापडला असावा, मग सूर्य. तिच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. मग ती रडायला लागली, मोठ्यानं, लाज न धरता, आणि आम्ही दोघे म्हातारे दोन दिशांना बघत बसलो.

"डावीकडे घे," ती जरा वेळानं म्हणाली. "दोन हात."

मंजप्पानं होडी रेटली. "इथं."

दिवा लावता येणार नव्हता. तिनं सोबत आणलाही नव्हता. ती पाण्याकडे बघत म्हणाली, "बारसं राहिलं होतं तिचं. अकराव्या दिवशी करायचं, ती नवव्यालाच गेली. नाव ठरवलेलं होतं मी, कुणाला सांगितलं नव्हतं. बारशाआधी सांगू नये म्हणतात."

मग ती आणखी वाकली. इतकी की मी तिचा पदर धरून ठेवला. तिचे ओठ पाण्याला टेकले. बाळाच्या कानात सांगतात तसं तिनं काहीतरी सांगितलं. एकदा, दोनदा, तीनदा.

सरळ बसली तेव्हा तिची हनुवटी ओली होती. मंजप्पाचे खांदे हलत होते.

"ऐकलंस का रे?" तिनं त्याला विचारलं.

"नाही, अत्तिगे."

"बरं झालं. साठ वर्षं तू तुझं लपवलंस. आता हे माझं." आणि पदरानं तोंड पुसून म्हणाली, "चल, वल्हं मार."